मे महिन्याची सुट्टी आणि किनाऱ्यावरची आपली गावे

आपल्या समाजाच्या इतिहासात मशिदी कोणी बांधल्या, शाळा कोणी काढली, पलटणीत कोण नावाजले, हे लिहून ठेवलेले आहे, आणि ते योग्यच झाले. मुलांच्या सुट्टीचा विषय मात्र त्यात सहसा येत नाही. आत्या, मावश्या, काका, चुलत-मामे भावंडे, कडेवरची पोरे असा वीस-पंचवीस माणसांचा गोतावळा मे महिन्यात समुद्रकाठी जाऊन राही, ही मौजेची गोष्ट. तिला इतिहास कसला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेल्या घरांतील मुलांना आपण कोठले हे कळले ते याच सुट्टीत. प्रार्थना मशिदीत शिकता येत होती, इब्री शाळेत शिकता येत होते; पण आवासकरांच्या मुलाला आवास दाखवायचे तर त्याला मेमध्ये बोटीत बसवावे लागे.

थोडे मागे जाऊ. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, फुटलेल्या गलबतातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरा वाचकांस नव्याने सांगायला नको. तेथून ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगाव पसरले. तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. अठराव्या शतकात काही कुटुंबे मुंबईस आली. सामुएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीत मशीद बांधली, तीच आपली जुनी मशीद, शाआर हारहमीम. (सिनेगॉग हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी कधी नव्हता.) पुढच्या शतकात पलटण, गोदी, रेल्वे, गिरण्या, इस्पितळे आणि सरकारी कचेऱ्यांनी आपली माणसे गावांतून ओढून घेतली. मांडवी, डोंगरी, उमरखाडी, मग भायखळा, माझगाव, जेकब सर्कल असे बिऱ्हाड सरकत गेले.

गाव मात्र आडनावात राहिले. रेवसहून दक्षिणेस निघालो तर आवास, किहीम, नवगाव, थळ, अलिबाग, नागाव, चौल. आत वळलो तर झिराड, पेझारी, पेण, रोहा, अष्टमी. वाटेवरच्या पाट्या वाचल्या तर आपल्या मशिदीची हजेरी घेतल्यासारखे वाटते. हाईम सामुएल किहीमकर यांनी आपल्या बंधूंसह १८७५ साली मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढले, जे पुढे माझगावात सर एली कदूरी स्कूल झाले. समाजाचा पहिला मोठा इतिहासही त्यांनीच लिहिला. शाळा मुंबईची, आणि ती काढणाऱ्याचे आडनाव समुद्रकाठच्या एका खेड्याचे. ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा सर्वांना आठवतो. त्या डेव्हिडचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे मूळ चौलचे.

शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपत आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा पुन्हा उघडत. आपला पेसाह बहुधा मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येई. त्यामुळे क्रम ठरलेला असे: पेसाहची भांडी पुन्हा माळ्यावर चढली, मुलांचे निकाल लागले, की गावाकडे पत्र जाई. जूनमध्ये पाऊस. म्हणजे समुद्र प्रवासाला बरा आणि मुले मोकळी, असे दिवस वर्षातून पाच-सहा आठवडेच. ही सुट्टी मे महिन्यात असे यात आपली हौस नव्हती. शाळा, सण आणि मोसमी वारा या तिघांनी मिळून ती तेथे बसवली होती.

निघायचा दिवस रविवार. शनिवारी बोटीत बसणे नाही, आणि शब्बाथ संपल्यावर वळकट्या बांधायला रात्र मिळे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटे. भाऊ लक्ष्मण अजिंक्य यांनी १८४१ साली बांधलेला हा धक्का. कोकणच्या चाकरमान्याला मुंबईत पहिले पाऊल ठेवायला मिळाले ते येथे, आणि आपल्यालाही. पत्र्याच्या ट्रंका, पाण्याचा फिरकीचा तांब्या, मुलांसाठी उकडलेली अंडी, आणि उलटी होईल म्हणून सर्वांच्या खिशात लिंबू. रेवसला ओहोटी असली तर चिखल पाहत खोळंबायचे. तेथून अलिबागपर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर बैलगाडीने किंवा टांग्याने. एस.टी. आली ती १९४८ नंतर, आणि गावच्या वाटेवर दिसायला आणखी काही वर्षे गेली. गाडीत म्हातारी माणसे आणि तान्ही मुले; बाकीची पोरे पाळीपाळीने चालत.

घर म्हणजे काय, हे येथे वाढलेल्या मुलांना समजावून सांगावे लागते. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी, त्यामागे विहीर आणि नारळी-पोफळीची वाडी. दाराच्या चौकटीवर मेझुझा, आणि शेजारच्या दारावर आंब्याचे तोरण. रात्री ओटीवर पुरुष, माजघरात बायका, पडवीत सर्व मुलांची एक लांब पथारी, तिच्यात सख्खे कोण आणि चुलत कोण हे आईलाही कंदील धरल्याशिवाय कळत नसे. मुंबईच्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाला आपली भावंडे किती आहेत याचा हिशेब प्रथम या पथारीवर लागे.

बायकांना मात्र सुट्टी नव्हती. हे लिहायलाच हवे, कारण आठवणी सांगताना आपण पुरुष मंडळी आंबे आणि समुद्र यांवरच थांबतो. पंचवीस माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक, विहिरीचे पाणी, चुलीचा धूर, आणि भरीला वर्षाची बेगमी: वाल, सोलं, चिंच, पांढऱ्या कांद्याच्या माळा. मुंबईला परतताना ट्रंका जातानापेक्षा जड असत त्या यामुळे. सुना सासूच्या हाताखाली, नणंदा माहेरपणाला. कोणी किती भाकरी थापल्या याची नोंद कोठे नसली तरी ती विसरलीही जात नसे. पण याच चुलीपाशी मुलींना आपले सर्व रांधप मिळाले. मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध का, मासळीत खवले आणि पर पाहून घ्यायचे ते कसे, हे येथेच कळे. कोळणीच्या पाटीत पापलेट, सुरमई, रावस आपले; कोळंबी आणि चिंबोरी तिच्याकडेच राहायची. कोळीणही जुनी असे. ती पाटी उतरवतानाच आपले आणि परके असे दोन वाटे करून ठेवी. मुले वाळूत कुर्ल्या धरत, शर्यती लावत आणि सोडून देत. शेजारची पोरे तीच कुर्ली घरी नेत, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही विशेष वाटत नसे.

समुद्राची खरी शिकवण भरती-ओहोटीची. अलिबागसमोर कुलाबा किल्ला आहे, शिवाजीमहाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला. ओहोटीला तेथे चालत जाता येते, भरतीला त्याचे बेट होते. मुलांना घेऊन जायचे तर वेळ चुकवून चालत नाही. कोळ्यांचे गणित सोपे होते: तिथीला तीनाने गुणावे, चाराने भागावे, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आता आपला इब्री महिनाही चंद्राचाच. रोश होदेश अमावास्येच्या पाठोपाठ, पंधरावी तारीख पौर्णिमेच्या आसपास. तिथी आणि इब्री तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक, म्हणजे पाऊण तासाचा. त्यामुळे ज्या घरात भिंतीवर लुआह टांगलेला असे, तेथे आजोबा पंचांग न विचारता भरती सांगत. ईयारची अठरावी, म्हणजे लाग बाओमेर, मेमध्ये पडे. त्या दिवशी भरती दुपारी दोनच्या पुढे, तेव्हा सकाळी आठ-साडेआठला पाणी मागे हटलेले. किल्ल्यावर जायला मुलांसाठी याहून चांगली वेळ नाही. पेसाहची रात्र मोजायची तीच तारीख आणि पाण्यातून चालायची तीच तारीख. कोकणात दोन-तीन गोष्टी अशा एकात एक बसलेल्या होत्या आणि आम्हांला त्या तशाच असतात असे वाटे.

अलिबागला मुलांना आणखी एक नवल दाखवत, ती वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय मापे बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. मोठी माणसे हे मुलांना सांगत आणि वर म्हणत की पाहा, मुंबईला जमत नाही ते आपल्या गावाला जमते. किहीमला १९३०च्या सुमारास सलीम अली राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांचा त्यांनी अभ्यास केला. मुलांना मेमध्ये माडावर लोंबणारी मागच्या पावसाळ्याची रिकामी घरटीच मिळत, पण ती काढायला चढलेले आणि पडलेले भाऊ प्रत्येक कुटुंबात एक-दोन असतील.

सुट्टीतला एक दिवस खंडाळ्याचा. घाटावरचा खंडाळा नव्हे, अलिबागजवळचा. एलियाहू हन्नावी यांच्या रथाच्या घोड्याच्या टापा तेथील खडकावर उमटल्या अशी आपली श्रद्धा. वर्षभरात बोललेले नवस येथे फेडायचे: परीक्षेचे, आजारपणाचे, लेकराच्या जावळाचे. पोहे, गूळ, खोबरे, पाच फळे, मलिदा, आणि खडकाभोवती सर्व गोत. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ मशिदीची स्थापना १८४८ची, आजची वास्तू १९१०ची. मेमधल्या शब्बाथला तेथे मुंबईची इतकी माणसे असत की गावची मागे उभी राहत. नवगावला पूर्वजांच्या दफनभूमीवर जायचे तेही याच दिवसांत. आज तेथे स्मारकस्तंभ आहे; तेव्हा गवतातले दोन उंचवटे होते, एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. लहान मुलांना त्यांवर चढू नका एवढेच सांगावे लागे. बाकी इतिहास त्यांना समोरच्या पाण्याकडे बोट करून सांगितला जाई.

त्या पाण्याची भीती पूर्वजांपुरतीच राहिली नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी आषाढी अमावास्येला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग, रेवस, पेण या भागात एखादे गाव सुटले नसेल. ज्या बोटीने आपण मेमध्ये पोरे नेत होतो तोच मार्ग, दोन महिन्यांचा फरक. त्यानंतर ‘पाऊस लागायच्या आत परत’ हे वाक्य घराघरांत वेगळ्या आवाजात म्हटले जाऊ लागले, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एखादे ढग दिसले तरी आया ट्रंका भरायला घेत.

मग १९४८ आले, आणि अलीया सुरू झाली. पहिल्यांदा तरुण गेले, मागून कुटुंबे. आपण येथे किती सोसले, १९६४ पर्यंत आपल्या विवाहांचा प्रश्न कसा लढवावा लागला, हा निराळा आणि मोठा विषय आहे. सुट्टीपुरते बोलायचे तर घडले ते असे: शेकडो वर्षे समुद्रकाठी राहिलेल्या माणसांना बेअर शेवा, दिमोना, येरुहाम येथे घरे मिळाली. काहींना अश्दोद मिळाले, ते नशीबवान. दिमोनाच्या मुलाला जवळचा समुद्र म्हणजे मिठाचा समुद्र, ज्यात ना मासळी, ना लाट, आणि डोळ्यांत पाणी गेले तर रडारड. पहिल्या वर्षांत पत्रांतून गावी विचारणा होत असे ती आंबा कसा आला याची; समुद्राची चौकशी कोणी करत नसे.

तिकडे गावातही घरे सुटू लागली. सुट्टीने एक काम गुपचूप केले होते. दरवर्षी सर्व भाऊ येऊन राहिल्यामुळे घर सर्वांचे राही. ओटी कोणी सारवायची, माडांचे पैसे कोणाकडे जमा, हे भांडत का होईना ठरत असे. येणे थांबले तसे सातबाऱ्यावर नावे राहिली आणि माणसे अश्दोद, लोद, रामलेला. ज्यांची शेते कुळांकडे होती त्यांची कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कुळांचीच होऊ लागली. कसणाऱ्याला जमीन मिळाली, यात अन्याय होता असे आम्ही म्हणणार नाही. घरांचे मात्र तसे नव्हते. ती बहुतेक घाईने, विमानाच्या तिकिटापुरत्या भावाने गेली. पुढे त्याच किनाऱ्यावर मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले उभे राहिले, आणि वाडीचा भाव ऐकून आपल्यातले कित्येक म्हातारे बराच वेळ गप्प बसले.

येथे मुलांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची. तिच्या मध्यावर तिशा बेआव, आपला बिरड्याचा रोजा, आणि त्याआधीचे नऊ दिवस पाळणारी घरे मौजेखातर समुद्रावर जात नाहीत. कोकणात हा प्रश्न आलाच नाही. तो रोजा भर पावसात पडे, समुद्र आपणच बंद असे, आणि बिरड्याला वाल मेमध्ये आणलेले. येथे उन्हाळा, सुट्टी आणि शोकाचे दिवस एकमेकांवर येतात, आणि नातवंडे विचारतात की सब्बा, आज का नाही? जुलैत पाण्यात मेदुझा आल्या तर प्रश्न आपोआप मिटतो, एवढेच.

आणि भरती-ओहोटी नाही. भूमध्य समुद्र वीस-तीस-चाळीस सेंटिमीटर चढतो-उतरतो. अलिबागला पुनवेला पाणी दोन पुरुष उंचीइतके हलते. येथील मुलांना समुद्र कसा आहे हे पांढरा, लाल आणि काळा झेंडा सांगतो आणि मनोऱ्यावरचा मत्सील भोंग्यातून ओरडतो. लुआह पाहून समुद्र सांगणारे आजोबा अश्दोदच्या वाळूत बसून मुकाट्याने कलिंगड कापतात. त्यांचे गणित चुकलेले नाही. ते लागू करायला येथे पाणी हलत नाही.

तरी सुट्टी मोडली नाही, तिने रूप बदलले. शुक्रवारी सकाळी तीन-चार मोटारींतून सर्व भाऊ-बहिणी, सुना, नातवंडे किनाऱ्यावर उतरतात. तंबू, बर्फाची पेटी, आणि डब्यांत चपात्या, बटाट्याची भाजी, हिरवी चटणी. शेजारी कोणाच्या तरी शेगडीवर मांस भाजत असते, आणि आपल्याकडून पुऱ्यांची एक थाळी तिकडे जाते, तिकडून पिता येतो. आजी पाण्यात घोट्यापर्यंत जाते आणि साडी वर धरून तेथेच उभी राहते. शब्बाथच्या आत घरी पोचायचे म्हणून दुपारी आवराआवर. मोजून पाहिले तर माणसे तेवढीच, पंचवीस. फक्त रात्रीची पथारी नाही.

आता उलटा प्रवासही होतो. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, मोटारीसकट तासाभरात. लिंबू लागत नाही. आपली कितीतरी नातवंडे सैन्यातून सुटली की पाठीवर पिशवी टाकून भारतात जातात. जातात ती गोव्याला आणि हिमाचलात; अलिबाग मुंबईच्या समोर असूनही राहून जाते. यात त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ती कोणाच्या ओटीवर उतरणार? ज्या कोणाला आम्ही आग्रहाने पाठवले त्याने खंडाळ्याचा खडक पाहिला, मागेन आबोथमध्ये दिवा लावला, नवगावच्या स्तंभापाशी छायाचित्र काढून पाठवले. त्यातल्या एकीने विचारले, “आपले घर कोणते होते?” आणि येथून फोनवर चार भावंडांनी तिला चार दिशा सांगितल्या. विहीर पूर्वेला होती एवढ्यावर शेवटी एकमत झाले.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. प्रत्येक घरात त्या सुट्ट्यांची एक-दोन छायाचित्रे आहेत: ओटीच्या पायऱ्यांवर ओळीने बसवलेली मुले, मागे उभ्या आया, एका कोपऱ्यात हललेला, त्यामुळे दोन डोक्यांचा दिसणारा एखादा भाऊ. ती काढून मागे पेन्सिलीने गाव, आळी, साधारण वर्ष आणि डावीकडून सर्वांची नावे लिहावीत. मराठीत लिहिले तरी चालेल. नातवंडांसाठी खाली इब्रीत लिहायला सुनेला सांगावे. घराचा नकाशा काढता येत असेल तर कागदावर काढावा, विहीर आणि चिंचेचे झाड दाखवावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी फोनवर सांगावे, आम्ही लिहून घेऊ. चौल, रोहा आणि अष्टमीकडच्या घरांविषयी आमच्याजवळ फारच थोडे आले आहे.